कॅसलवेनिया लॉर्ड्स ऑफ शॅडो: चाबूक तोच, उडी मात्र गेली

पहिलंच सांगून टाकतो, गेम जुना आहे. २०१० चा. तेव्हा पीएस थ्री आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, पीसीवर यायला २०१३ उजाडलं, आणि मी तो खेळलो ह्या पावसाळ्यात, डिचोलीला घरी बसून, सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून. आता कशाला त्याचा रिव्ह्यू असं कोणी म्हणालं तर बरोबरच आहे त्याचं, पण माझा लॅपटॉप असा की नवा गेम उघडला की त्याचा पंखा असा सुटतो की दाबोळीला रनवेशेजारी राहतो की काय वाटावं, आणि हा गेम त्याच्यावर कुठंही न अडकता चालला. शिवाय नाव कॅसलवेनिया. ते बघितल्यावर हात थांबतोय कुठं.

ह्या सिरीजशी नातं लहानपणचं आहे. म्हापशाला आत्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, पिवळट पांढरा डबा आणि शुक्रवारच्या बाजारातनं आणलेल्या कॅसेटी. त्यातल्या एका कॅसेटीवर स्टिकर भलत्याच गेमचा आणि आत हा. मी आणि दादा, म्हणजे आतेभाऊ, आम्ही त्याला नुसतं "चाबूकवाला" म्हणायचो, खरं नाव फार नंतर कळलं. चाबकानं मेणबत्त्या फोडायच्या की लाल बदाम पडायचे, आम्ही दोन सुट्ट्या समजून चाललो होतो की बदाम म्हणजे जीव, म्हणून मरमर मरून गोळा करायचो, आणि ते निघाले कुऱ्हाड नि सुरा फेकायचा दारूगोळा! जीव भरायचा तर भिंत फोडून आतलं मटण खायचं. ते तिथं कोणी ठेवलं आणि किती दिवसांचं, हे विचारायचं नाही.

पण त्या गेमची खरी गोष्ट होती उडी. एकदा मारली की मारली. हवेत असताना दिशा बदलता येत नाही, थांबता येत नाही, आणि समोरनं ते उडणारं मुंडकं लाटेसारखं वरखाली होत आलं आणि लागलं की माणूस मागं फेकला जाणार तो थेट खड्ड्यात. म्हणजे उडी मारायच्या आधीच सगळा विचार करून ठेवायला लागायचा. दादा हवेत असतानाच शिव्या द्यायला सुरू करायचा, कारण त्याला पडायच्या आधीच कळलेलं असायचं.

तर तो पहिला गेम कोनामीनं जपानात १९८६ ला काढला, तिकडं नाव आकुमाजो ड्रॅक्युला. मग भागांवर भाग. १९९७ च्या सिम्फनी ऑफ द नाइटनं तर मेट्रॉइड ह्या दुसऱ्या गेम सिरीजच्या जोडीनं गेमचा एक प्रकारच उभा केला, वाडा फिरत फिरत नवी शक्ती मिळवायची नि मग मागच्या बंद दाराकडे परत जायचं. थ्रीडी मात्र त्यांना कधी नीट जमलं नाही, निन्टेन्डो ६४ वर हात भाजून घेतलेले. शेवटी सगळं पुसून पहिल्यापासनं सुरू करायचं ठरलं आणि काम दिलं माद्रिदच्या मर्क्युरीस्टीम स्टुडिओला, वरनं लक्ष ठेवायला कोनामीचाच कोजिमा प्रॉडक्शन्स. गंमत बघा, २००८ ला गेम जाहीर केला तो नुसताच लॉर्ड्स ऑफ शॅडो म्हणून, कॅसलवेनिया हे नाव २००९ ला पुढं लावलं. खेळताना मला निम्मा वेळ हेच वाटत होतं, की घर दुसऱ्याचं आणि दारावर पाटी आपल्या आडनावाची.

गोष्ट १०४७ सालातली. गॅब्रिएल बेलमाँट, ब्रदरहूड ऑफ लाइटचा योद्धा, बायकोचा खून झालाय, आणि लांडगे-माणसं, व्हॅम्पायर आणि मेलेल्यांचे स्वामी अशा तिघांना मारून त्यांच्याकडचे तुकडे जोडले की देवाचा मुखवटा तयार होतो, आणि तो मिळाला तर मेलेलं माणूस परत आणता येईल म्हणे. सुरुवातच धो धो पावसातल्या गावात. बाहेर आमच्या कौलांवर पण तोच आवाज, त्यामुळं हेडफोन काढले तरी काही फरक पडला नाही.

हत्यार म्हणजे कॉम्बॅट क्रॉस. क्रॉसच्या टोकातनं साखळी सुटते, तोच चाबूक. तिनंच कड्यावर लटकायचं, भिंतीवरनं उतरायचं, राक्षसाच्या अंगावर चढायचं पण तिनंच. आता ह्यावरनं एक किस्सा झाला. पंधरा ऑगस्टला शेजारची आंटी पातोळ्या घेऊन आली, आणि नेमका त्याच वेळी स्क्रीनवर मी एका लांडग्याला क्रॉसनं झोडत होतो. आंटी दारातच उभी. "आरे, हो खुरसान मारता?" खुरीस म्हणजे क्रॉस. मला वाटलं आता ही रागावणार. कसलं काय, ताटली हातात धरून दहा मिनटं बघत राहिली आणि मग म्हणते, "त्या देवचाराक मार पयलीं." तिनं बोट दाखवलं ते पॅनकडे, तोपर्यंत तो पडद्यावर आलेला, शिंगं आणि बोकडाचे पाय, आणि तो तर गॅब्रिएलला वाट दाखवणारा मित्र! आता आंटीच्या घरात देवचार म्हणजे सैतान, आणि आमच्या घरात देवचार म्हणजे राखणदार, त्याला रोट, विडी नि सोरो (म्हणजे दारू) ठेवायचा, रात्री तो गावाची राखण करतो. मध्ये कुंपण एक. मी तिला सांगितलं, आंटी हा आमच्याकडचा देवचार, तुमच्याकडचा नव्हे. हसली खरी पण पटलं नाही तिला. ह्या गेमला जे जमलंय ना ते हेच, चांगला कोण नि वाईट कोण हे नुसत्या शिंगांवरनं ओळखू नका असं तो बारा चॅप्टर सांगत राहतो.

आता मारामारीवर जरा बसून बोलतो, कारण पैसे वसूल होतात ते तिथं. दोन प्रकारची जादू आहे, उजेडाची आणि काळोखाची, डाव्या बटणावर एक नि उजव्यावर दुसरी. उजेड चालू करून मारलं की प्रत्येक फटक्याला तुमचा जीव भरतो, काळोख चालू करून मारलं की मार जबरदस्त बसतो पण जीव काही मिळत नाही. दोन्हीचं इंधन थोडंच. मग इंधन कुठनं आणायचं तर मार न खाता सलग फटके मारत राहायचं, खालची पट्टी पूर्ण भरली की पुढच्या प्रत्येक फटक्याला राक्षसातनं गोळे सांडायला लागतात, आणि ते ओढून घेताना तुम्ही ठरवायचं की उजेडात घालायचे की काळोखात, डावी स्टिक दाबली तर उजेड, उजवी दाबली तर काळोख. एक फटका बसला की पट्टी रिकामी, पहिल्यापासनं सुरू. म्हणजे जीव चार आणे उरलेला असताना भरत बसायचं की दोन सणसणीत घालून समोरच्याला संपवायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं, आणि चुकलात तर मेलात. ती जुनी उडी गेली म्हणून मी पहिले चार तास कुरकुरत होतो, मग लक्षात आलं की तो विचार करून ठेवायचा ताण त्यांनी उडीतनं काढून इथं आणून ठेवलाय.

आणि मला हे जास्तच नीट कळलं कारण माझा कंट्रोलर. पणजीतल्या एका दुकानातनं सेकंडहँड घेतलेला, दुकानदार म्हणाला होता एकदम ओके माल. तो डाव्या स्टिकचा क्लिक लागतच नव्हता! म्हणजे गोळे ओढायचे तर फक्त काळोखात, उजेडाचं इंधन संपलं ते संपलंच, आणि जीव भरायला काही नाही. अख्खा एक चॅप्टर मी असाच खेळलो, मला वाटलं गेमच इतका अवघड आहे, मनात म्हटलं स्पॅनिश लोकांनी घाम काढला बाबा. शेवटी मित्रानं सांगितलं की स्टीम, म्हणजे पीसीवर गेम घेतो ते ॲप, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो क्लिक दुसऱ्या बटणावर टाक. टाकला, आणि गेम एकदम सोपा वाटायला लागला, खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं. दुकानदाराचा फोन मात्र तेव्हापासनं लागत नाही.

बाकी सोबत चांदीचे सुरे (लांडग्यांना एक नंबर), पवित्र पाणी, समोरच्याला भुलवणाऱ्या पऱ्या आणि एक काळा स्फटिक, तो फोडला की मोठं काहीतरी येऊन सगळ्यांना उडवतं. स्फटिक मी जपून जपून ठेवला, शेवटपर्यंत तीनदा वापरला असेल, आमच्या आईच्या कपाटातल्या काचेच्या कपांसारखा.

आता भांडण. कॅमेरा. तो आपल्या हातात नाहीच, त्यांनी जिथं लावला तिथनंच बघायचं. चित्रासाठी झकास आहे, मान्य, एकेक किल्ला, बर्फ, दरी अशी दिसते की मी पंधरा वर्षांपूर्वीचा गेम खेळतोय हे विसरलो. पण मारामारीत आपला माणूस तिकडं लांब मुंगीएवढा, आणि मागनं कोण येतंय ते फ्रेममध्येच नाही! आणि कड्यावरनं उडी मारताना खोली कळत नाही, समोरचा दगड जवळ की लांब, देव जाणे. जुन्या गेममध्ये मी पडायचो ते माझ्या चुकीनं. इथं पडलो ते कॅमेऱ्याच्या चुकीनं. पडून मरायचं दुःख नाही, चूक कोणाची ह्याचं दुःख.

मोठे टायटन आहेत तीन, डोंगराएवढे, अंगावर चढत चढत चमकणारी चिन्हं फोडायची. पहिला बर्फाचा, गोठलेल्या तळ्यावर, तो भारी वाटला. पण ही कल्पना २००५ च्या शॅडो ऑफ द कोलोसस ह्या गेमची आहे हे लपत नाही, आणि तिथं चढताना जी भीती वाटायची ती इथं नाही, इथं पुढची पकडायची जागा आधीच ठरलेली. बटण दाबायचे सीन पण आहेत, गोल लहान होत येतो नि बरोबर वेळेला दाबायचं. बरं, कुठलंही बटण दाबलं तरी चालतं, तेवढी दया केलीय.

कोडी मध्ये मध्ये येतात, काही बरी, काही नुसती वेळकाढू. अडलात तर उत्तर विकत मिळतं, फक्त त्याचे पॉइंट जातात. एक लॉरा नावाची व्हॅम्पायर पोरगी बुद्धिबळासारखा डाव खेळायला लावते, तिच्याशी मी चार वेळा हरलो, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

प्रत्येक लेव्हलच्या आधी पुस्तकाचं पान उघडतं आणि पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज पुढची गोष्ट सांगतो. सुरुवातीला छान वाटतं, नंतर लांबतं. आमच्या पेडणेकडच्या दशावतारात राजा एन्ट्रीला जसा स्वतःचं कौतुक पंधरा मिनटं करतो आणि पब्लिक चहाला जाऊन येतं, तसा मी पण चहा टाकून यायचो. पण सगळाच वेळ चहाला जाऊ नका. सूत्रधार काय सांगतो त्यापेक्षा काय सांगत नाही तिकडं लक्ष ठेवा, एवढंच.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ती जागा. अर्ध्यावर एक म्हातारी चेटकीण, बाबा यागा, गॅब्रिएलला लहान करून म्युझिक बॉक्सच्या आत पाठवते. चाकं फिरतायत, सुया वरखाली, आपण दात्यांवरनं उड्या मारतोय. करंट गेलेला, लॅपटॉप बॅटरीवर, घरात सगळे झोपलेले. आणि तो बॉक्स जो वाजायला लागतो ती धून म्हणजे १९८६ च्या गेममधल्या पहिल्या लेव्हलची! व्हॅम्पायर किलर. हळू, टिंग टिंग करत. मी खेळायचं सोडून दोन मिनटं नुसता तिथंच उभा राहिलो. बाकी गेमभर ऑस्कर अराउहोचा ऑर्केस्ट्रा मोठमोठा वाजत असतो, सुंदर आहे, पण लक्षात एक चाल राहत नाही. ही राहिली कारण ती माझ्या डोक्यात आधीपासनंच होती.

लगेच मोबाइलवर रेकॉर्ड करून दादाला पाठवली. दादा आता बोटीवर असतो, रेंज मिळेल तेव्हा मेसेज बघतो.

जाता जाता: पीसीवरच्या अल्टिमेट एडिशनमध्ये जास्तीचे दोन चॅप्टर येतात, रेव्हरी आणि रिझरेक्शन. पहिला कंटाळवाणा, दुसऱ्यातला बॉस उगाच अवघड, मूळ गेम संपला की सरळ थांबलात तरी चालेल. मुख्य गोष्टीला मला वीसेक तास लागले. कंट्रोलर पाहिजेच, कीबोर्डवर बोटं मोडतील, आणि घेताना दुकानातच दोन्ही स्टिक दाबून बघा. ह्याच मर्क्युरीस्टीमनं पुढं २०२१ ला मेट्रॉइड ड्रेड केला, तो खेळला असाल तर ह्यांचा हात इथं कसा तयार होत होता ते दिसेल. आणि एक विनंती, हा संपेपर्यंत दुसऱ्या भागाचं कव्हर बघू नका. शोधू पण नका.

दादाचं उत्तर तीन दिवसांनी आलं. आधी इंजिनच्या घरघरीत त्यानं तीच धून शिटीवर वाजवलेली, मग म्हणतो डिसेंबरला घरी येतोय तेव्हा लॅपटॉप तयार ठेव, पण एक सांग, ड्रॅक्युला शेवटी आहे ना रे? एवढं फिरलो आणि भलत्याच कुणाला तरी टाकलाय त्याच्या जागी?

मी लिहिलं, "आहे. शेवटीच आहे." त्याच्यापुढं एक अक्षर सांगितलं नाही.