केरळ-कोकण खोरे : आधी नवे भूकंपीय सर्वेक्षण की आधी विहीर?
मुंबई हाय येथे 1974 मध्ये तेल सापडले. मात्र त्याच्या दक्षिणेला गोव्यापासून केरळपर्यंत पसरलेल्या केरळ-कोकण खोऱ्यात, म्हणजे समुद्रतळाखालील गाळाच्या खडकांनी भरलेल्या खोलगट भागात, आजवर तेलाचा व्यापारी साठा मिळालेला नाही. मुख्य अडचण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या खडकाची, आहे. सह्याद्रीचे कडे ज्या लाव्हाने घडवले, त्याच काळातील थर येथे समुद्रतळाखाली गाडले गेले असून, त्यांच्याखाली भारत आणि मादागास्कर विलग होत असतानाचे मध्यजीव (डायनासोरांच्या) काळातील गाळाचे खडक असावेत, आणि तेल असल्यास ते त्यांत असेल, असा अंदाज आहे.

भूकंपीय सर्वेक्षणाने, म्हणजे खाली ध्वनिलहरी सोडून थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपल्याने, विस्तीर्ण क्षेत्राची रचना समजते. परंतु बेसाल्टमधून ध्वनिलहरी वेगाने जातात, विखुरतात आणि त्याखालचे चित्र धूसर होते. प्रतिध्वनी टिपणाऱ्या लांब केबल व कमी वारंवारतेच्या लहरी वापरून, गुरुत्वीय मोजमापांची जोड दिल्यास ही उणीव बरीच कमी होते. तरीही खडकात सेंद्रिय द्रव्य किती आहे आणि ते तेल बनण्याइतके तापले होते का, हे त्यातून सिद्ध होत नाही.

ते उत्तर विहीरच देते, कारण खडकाचा नमुना प्रत्यक्ष हाती येतो. खोल समुद्रातील विहीर अतिशय खर्चिक असते आणि ती एकाच बिंदूची साक्ष देते. शिवाय बेसाल्टच्या माथ्यावर थांबलेली कोरडी (तेल न लागलेली) विहीर खालच्या थरांविषयी काहीच सांगत नाही, आणि तिच्या आधारे संपूर्ण खोरे निकामी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून माझा कौल आधी सर्वेक्षणाला आहे, परंतु त्यानंतरची विहीर बेसाल्ट भेदूनच गेली पाहिजे.