मॉडेल ट्रेनचं दुकान की रेल्वे म्युझियम, हातात एकच दुपार असेल तर?

नवीन शहरात गेलं की माझं ठरलेलंच, घरचे शॉपिंगला आणि मी रुळांच्या मागे. म्युझियम शोधायला डोकं लागत नाही, मॅपवर लगेच सापडतं, फक्त सोमवारी बंद नाही ना तेवढं बघा. वाफेच्या इंजिनाच्या कॅबमध्ये चढायला मिळालं, इंजिनाला वाफ सोडणाऱ्या रेग्युलेटरचा दांडा हातात आला की पैसे वसूल.

दुकानाचं तसं नाही. मी एकदा दोन बस बदलून गेलो तर तिथे मोबाईल कव्हरं विकत होते, म्हणून आधी फोन कराच. आणि आपला स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान ते, पाठ पाहिजे, एचओ नावाचा स्केल म्हणजे 1:87, एन बहुतेक ठिकाणी 1:160, ब्रिटिश ओओ 1:76 पण रूळ एचओचाच, 16.5 मिमीचा, त्यामुळे डबा रुळावर बसतो खरा पण शेजारच्यापेक्षा ढब्बू दिसतो. सेकंडहँड इंजिन तिथेच टेस्ट ट्रॅकवर फिरवून घ्या, लाजू नका.

पोरं सोबत असतील तर म्युझियम. एकटे असाल तर मी दुकानच म्हणेन, काउंटरमागचा माणूस बोलता झाला की जवळपास कुणाचा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांसकट मांडलेली मॉडेल रेल्वे, बघायला मिळेल तेही कळतं, ते मॅपवर नसतं.