पोलआर्म्सचा नवीन सप्लिमेंट: कोयत्याला अखेर काम मिळालं

लांब दांड्याच्या हत्यारांचं आमच्या टेबलवर आजवर सगळे घोडे बारा टक्के असंच होतं. डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा रोलप्लेइंग गेम, त्याच्या २०१४ च्या रूल्समध्ये ग्लेव्ह (दांड्यावर पातं) घ्या नाहीतर हॅलबर्ड (दांड्यावर कुऱ्हाड), डॅमेज १डी१० म्हणजे दहा बाजूंचा एक फासा, रीच म्हणजे पोच तीच, किंमत पण तीच २० गोल्ड, फरक काय तर कॅरेक्टर शीटवर नाव वेगळं लिहायचं. त्यामुळे हा सप्लिमेंट, म्हणजे जादा नियमांचा पीडीएफ, घेताना फार अपेक्षा नव्हत्या, म्हटलं अजून दहा-बारा नावं वाढतील बस.

पण नाही, यात प्रत्येकाला स्वतःचं काम दिलंय. सगळ्यात आवडला तो बिल. मूळचा हा झुडपं छाटायचा कोयता, शेतकऱ्याने लांब दांड्यावर चढवला की झालं हत्यार, आणि त्याचा वाकडा हूक इथे खरंच वापरता येतो, हिट झाल्यावर डॅमेज अर्धं घ्यायचं आणि घोड्यावरच्याला खाली ओढायला सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायला लावायचा. गेल्या सेशनला आमच्या रोगने (चोर-छाप कॅरेक्टर), ज्याला कोणी हिशोबात धरत नाही, त्याने फुल प्लेट चिलखतातल्या नाइटला असा धप्पकन चिखलात पाडला की डीएम (गेम चालवणारा) दोन मिनिटं नोट्सच चाळत बसला, पुढचा सगळा प्लॅन त्या घोड्यावर होता ना!

पाइकचं, म्हणजे लांबलचक भाल्याचं, पण मस्त जमवलंय. शेजारी दुसरा पाइकवाला असेल आणि जमीन सपाट असेल तरच बोनस, एकटे पडलात किंवा उतारावर गेलात की डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटिश लोकांचं हेच झालं, टेकडीवरून खाली आले, खाली दलदल, रांग फुटली आणि मग इंग्लिश बिलवाल्यांनी त्या लांबलचक पाइक्सच्या आत घुसून कापाकापी केली. लेखकाने इतिहास वाचलाय हे असं नियमातून कळतं, साइडबारमधून नाही. गोएडेनडाग पण आहे, १३०२ ला कोर्ट्राइकला (आजचं बेल्जियम) फ्लेमिश पायदळाने फ्रेंच नाइट्सना झोडपलं तो, जाड सोटा आणि टोकाला खिळा, दिसायला गरीब पण चार्ज अडवायला बेस्ट.

आता वैताग. वजनं जुनीच उचललीयेत, पाइक १८ पाउंड म्हणजे आठ किलो, एवढं घेऊन दिवसभर कोण उभं राहणार? बार्डिश आणि वूज या दोन लांब दांड्याच्या हत्यारांची चित्रं इतकी सारखी की खालचं नाव झाकलं तर ओळखून दाखवा. आणि पाच फुटी बोळात एवढे लांब दांडे वळवायचे कसे यावर एक ओळ नाही, आमचा अर्धा गेम डंजनमध्येच, म्हणजे भुयारांतच, जातो हो. आम्ही आपला घरचा नियम केला, बोळात फक्त भोसकायचं, फिरवायचं नाही.

रानात, मैदानात खेळत असाल तर डोळे झाकून घ्या. आमचा फायटर मॅजिक तलवार विकून हॅलबर्ड घ्यायला निघालाय, विझार्ड अजून त्याला समजावतोय.