मेंदूलहरींची नोंद की हातबोटांची चाचणी?

एचआयव्हीचा विषाणू संसर्गानंतर लवकरच मेंदूत पोहोचतो. तो चेतापेशींना थेट ग्रासत नाही, पण मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशींत ठाण मांडून दाह धुमसत ठेवतो. हा परिणाम लवकर हेरण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग 2005 मध्ये मांडलेल्या १२ गुणांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा. रुग्णाने 5 सेकंद बोटे झपाझप आपटायची, मूठ, तळवा आणि हाताची कड आलटून-पालटून टेकवायची, चार शब्द लक्षात ठेवून नंतर सांगायचे. 10 किंवा कमी गुण पडल्यास पुढील तपासणी करायची. पेठ-सुरगाण्याहून एसटीने नाशिकच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात आलेल्या रुग्णाचीही ती काही मिनिटांत होते. मात्र सौम्य बिघाड तिच्यातून सहज निसटतो.

दुसरा मार्ग ईईजीचा, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीचा. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून एकसारख्या आवाजांत मधूनच वेगळा आवाज ऐकवला की सुमारे 300 मिलिसेकंदांनी पी-300 ही लहर उमटते. लक्षणे नसलेल्या काही रुग्णांतही ती उशिरा उमटल्याचे आढळले आहे, आणि शाळा न पाहिलेल्या द्राक्षमजुराला येथे शिक्षणाची अडचण तुलनेने कमी भासते, हे मला फार मोलाचे वाटते. तरीही अपुरी झोप, दारू, नैराश्य, वय यांमुळेही लहर उशिरा उमटते. त्यामुळे केवळ आलेखावरून निदान करणे गैर ठरेल.

म्हणून केंद्रात आधी हातबोटांची चाचणी व्हावी आणि गुण काठावर असलेल्यांची ईईजी काढून तिची तुलना त्याच रुग्णाच्या पुढच्या नोंदींशी करावी.