मृगातील तेजोमेघासाठी एक्टाक्रोम की प्रोव्हिया?

गेल्या हिवाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर मी एकाच रात्री, एकाच १३५ मिमी लेन्सने, कोडॅक एक्टाक्रोम ई१०० आणि फुजी प्रोव्हिया १००एफ या दोन स्लाइड फिल्म्सवर मृग नक्षत्रातील तेजोमेघ टिपला. दोन्हींना अर्ध्या तासाचे एक्सपोजर दिले. ध्रुवतारा येथे क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर असल्याने माउंट (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारी बैठक) त्याच्याशी जुळवण्यातच बराच वेळ गेला.

मंद प्रकाशात फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. या बाबतीत प्रोव्हिया भरवशाची आहे, कारण उत्पादकाच्या माहितीनुसार १२८ सेकंदांपर्यंत तिच्या एक्सपोजरमध्ये दुरुस्ती लागत नाही, आणि माझ्या स्लाइडवर तिची पार्श्वभूमीही अधिक काळी उतरली. मात्र तेजोमेघांचा लाल रंग मुख्यतः ६५६.३ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा प्रकाशातून येतो, आणि तो एक्टाक्रोमवर स्पष्टपणे गडद दिसला. भिंगाखाली पाहताना गाभ्याभोवतीच्या पाकळ्यांची कडही वेगळी ओळखू येत होती. त्यासाठी मी एक्टाक्रोमच निवडेन.

दोन्हींची ई-६ (स्लाइड फिल्मची रासायनिक प्रक्रिया) धुलाई सारखीच. पहिली फ्रेम मात्र दिवसाउजेडी घ्यावी, अन्यथा काळ्या आकाशात फ्रेमची सीमा न दिसल्याने फिल्म भलत्याच जागी कापली जाते.