पिकअपचा ब्लोअर बदलून घेतला, काम चोख पण मोटर लोकल

आळेफाट्याच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आमच्या जुन्या पिकअपच्या हीटरची ब्लोअर मोटर बदलून घेतली. पावसाळ्यात माळशेज उतरायचा तर ब्लोअर पाहिजेच राव, नाहीतर काचेवर आतून वाफ धरते आणि एका हाताने फडकं मारत गाडी चालवा. पोराने लगेच मोटर गळ्यात मारली नाही हे आवडलं, आधी फ्यूज बघितला मग डॅशबोर्डच्या खणाखाली हात घालून कपलरला, म्हणजे वायर जोडायच्या प्लगला, टेस्ट लॅम्प लावला, करंट येतोय पण मोटर ढिम्म, बोटाने पंखा फिरवला तर जाम. म्हणाला नुसती फुल स्पीड चालू असती तर बहुतेक रेझिस्टन्स, म्हणजे पंख्याचा स्पीड कमी करणारा पार्ट, गेला असता, मोटर नाही. पंख्याच्या पात्यांत सुका पाला नि उंदराने आणलेला कापूस निघाला, ते साफ केलं आणि वितळलेला कपलरही नवीन टाकला, हे बरेच जण करतच नाहीत. मोटर मात्र लोकल, दोन नंबरच्या स्पीडवर घरघर करते, ओरिजिनल मागवू का असं विचारायला तरी हवं होतं ना. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. चार स्टार. सकाळीच जा, दुपारी ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी असते.