स्टॅटिन की फेनोफायब्रेट? मधुमेहींच्या रिपोर्टमधला ठळक आकडा आणि खरा आकडा

मधुमेह असलेल्या माणसाचा लिपिड प्रोफाइल बऱ्याचदा असा येतो: एकूण कोलेस्टेरॉल 190, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 290, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) 34, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 98. लॅबने ट्रायग्लिसराइड ठळक छापलेले, एलडीएल मात्र मर्यादेत. मग घरात चर्चा सुरू होते ती फेनोफायब्रेटसारख्या ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या गोळीची. निवड इथेच चुकते.

आधी तो 98 पाहू. पुष्कळ लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. 190 मधून एचडीएलचे 34 वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे 58 वजा. ट्रायग्लिसराइड जितके जास्त, तितका हा हिशेब कच्चा आणि एलडीएल असतो त्याहून कमी दिसण्याची शक्यता जास्त. 400 च्या वर तर तो धरूच नये. त्यातून मधुमेहात एलडीएलचे कण बारीक आणि दाट होतात. कोलेस्टेरॉल तेवढेच, पण ते वाहणारे कण जास्त, आणि धमनीच्या अस्तरात शिरतात ते कणच. म्हणून एक साधी वजाबाकी स्वतः करा: 190 वजा 34, उत्तर 156. हे नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल सोडून उरलेले सगळे कोलेस्टेरॉल. चाळिशी ओलांडलेल्या आणि सोबत रक्तदाब किंवा तंबाखू असलेल्या मधुमेहीचे एलडीएल 70 च्या आणि नॉन-एचडीएल 100 च्या खाली हवे. म्हणजे ‘नॉर्मल’ वाटणारा रिपोर्ट प्रत्यक्षात बराच वर आहे.

आता औषधे. आधी स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणाऱ्या गोळ्या. अॅटोरवास्टॅटिन 10 ते 20 किंवा रोसुवास्टॅटिन 5 ते 10 मिलिग्रॅमने एलडीएल 30 ते 49 टक्के उतरते, ट्रायग्लिसराइडही थोडे. ‘कार्ड्स’ चाचणीत (2004) हृदयविकार नसलेल्या 2,838 टाइप 2 मधुमेहींपैकी निम्म्यांना रोज अॅटोरवास्टॅटिन 10 दिले. हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी घटल्या.

फेनोफायब्रेट (145 किंवा 160 मिलिग्रॅम; 160 ची गोळी जेवणासोबत) ट्रायग्लिसराइड झपाट्याने उतरवते. रिपोर्ट देखणा होतो, पण ‘अॅकॉर्ड’ चाचणीत (2010) स्टॅटिनला फेनोफायब्रेटची जोड देऊनही अटॅक म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत. पेमाफायब्रेट या त्याच जातीच्या औषधावरच्या ‘प्रॉमिनंट’ चाचणीत (2022) ट्रायग्लिसराइड सुमारे 26 टक्के उतरले, घटना जिथल्या तिथे राहिल्या. आमच्या मते प्रश्न इथे मिटतो: पहिली गोळी स्टॅटिनची.

फेनोफायब्रेटची जागा वेगळी आहे. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर, विशेषतः 1,000 कडे गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथे ते आधी. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडायला लागले असेल तरी डॉक्टर त्याचा विचार करतात. ते घेताना क्रिएटिनिन वाढू शकते, त्यामुळे किडनीची तपासणी आधीही हवी आणि नंतरही. स्टॅटिनसोबत फायब्रेट द्यायचेच तर फेनोफायब्रेट. जेमफायब्रोझिल हे दुसरे फायब्रेट नको, स्नायू विरघळण्याचा धोका वाढतो.

तिसरी गोळी सारोग्लिटाझार. तिला भारतात 2013 मध्ये मधुमेहींच्या चढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी मान्यता मिळाली. दिवसाला 4 मिलिग्रॅम. ट्रायग्लिसराइड आणि साखर दोन्ही उतरतात. अटॅक टळतात हे मात्र सिद्ध झालेले नाही, म्हणून स्टॅटिनऐवजी नाही, घ्यायचेच तर सोबत.

स्टॅटिन घेऊनही आकडा अडला, तर डोस दुप्पट करायचा की एझेटिमाइब 10 (आतड्यात कोलेस्टेरॉल शोषले जाणे रोखणारी गोळी) जोडायचे? डोस दुप्पट केल्याने एलडीएल आणखी जेमतेम 6 टक्के उतरते, एझेटिमाइबने सुमारे 20. मधल्या डोसवर अंग दुखत असेल, तर जोडणीच बरी. अटॅक येऊन गेला असेल तर गणित वेगळे: अॅटोरवास्टॅटिन 40 ते 80 किंवा रोसुवास्टॅटिन 20 आधी, लक्ष्य एलडीएल 55 च्या खाली.

अॅटोरवास्टॅटिन की रोसुवास्टॅटिन, यावर फार डोके खपवू नका. किडनी फारच अधू असेल तर अॅटोरवास्टॅटिन, कारण त्याचा डोस बदलावा लागत नाही. रोसुवास्टॅटिन घेत असाल तर अॅसिडिटीचे पातळ औषध दोन तासांनंतर.

‘स्टॅटिनने साखर वाढते’ हे खरे आहे, पण एचबीएवनसीत (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत) दशांश-दोन दशांशाने. तेवढ्यासाठी गोळी सोडणे हा महागाचा सौदा. गर्भधारणेचा विचार असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

गोळी वाढवण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पाहा. थायरॉइड मंदावले की कोलेस्टेरॉल चढते. ट्रायग्लिसराइडला तुपापेक्षा जास्त चढवते ती बेताल साखर, दारू आणि पिष्ट. उपवासाला ताटभर साबुदाणा खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर गोड लस्सी घेतली, तर तो उपवास ट्रायग्लिसराइडचा नव्हे. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात केलेली तपासणीही तशीच फसवी. गोळी सुरू केल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी पुन्हा तपासा. दोन्ही मांड्या किंवा दंड विनाकारण ठणकू लागले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.